चिपळूण : भिंतीवरची रेघ

चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलात की मान जरा वर करा. त्या जुन्या भिंतीवर, शटरच्याही वर, मातकट रेघ दिसते? ती एकवीस सालची. इथली माणसं घरातलं लग्न, दुकानाचं उद्घाटन, सगळं पुराच्या हिशेबानं सांगतात. पाच सालच्या पुराआधी, एकवीस सालच्या पुरानंतर.

२२ जुलै २०२१. रात्रभर धो धो पाऊस. वाशिष्ठी फुगलेली, शिव नदी फुगलेली, त्यात खाडीला भरती. उजाडेपर्यंत बाजारपेठ पाण्याखाली गेली. वीज गेली, मोबाइल बंद पडले. लोक माळ्यावर चढले, गच्चीवर चढले. एसटी आगारात व्यवस्थापक आणि त्यांचे सहकारी बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते, जवळ आगाराची सुमारे ९ लाखांची रोकड. स्वतःचा जीव टांगणीला, आणि हातातली पिशवी मात्र सोडली नाही. त्या माणसांना मनापासून नमस्कार.

पाणी ओसरलं, चिखल राहिला. टाळेबंदीनं आधीच कंबरडं मोडलेल्या व्यापाऱ्यांनी उधार-उसनवार करून भरलेला माल रस्त्यावर ढिगानं पडला होता. भिजलेला तांदूळ, कापडाचे तागे, फ्रिज, औषधं. गावोगावची पोरं फावडी घेऊन मदतीला आली. बरोबर ५० दिवसांनी गणपती होते. ज्या ओट्यावरचा चिखल खरवडला, त्याच ओट्यावर पाट मांडला.

आता लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात चला. चिपळूणकर त्याला लाडानं ‘लोटिस्मा’ म्हणतात. स्थापना १८६४ ची. २०१३ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच वाचनालयानं चिपळूणला भरवलं. पुरानं इथली पुस्तकं दुसऱ्यांदा नेली. पहिला घाव २००५ चा. भिजलेलं पुस्तक कधी हातात घेतलंय? गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना अशी चिकटतात की विटेसारखा ठोकळा होतो. सोडवायला जावं तर अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटलेली. घरातलं माणूस जावं तसं वाटतं ते पाहून. तरीही कपाटं पुन्हा उभी राहिली, पुस्तकं पुन्हा आली. आता हे फळीवरचं पुस्तक उघडा. नवा कागद, नवी शाई, आणि पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का.

नदीकडे वळू. मागे सह्याद्री, पुढे दाभोळची खाडी, मधल्या खळग्यात शहर. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून इकडे वळवलेलं. वीज करून झाली की ते वाशिष्ठीला मिळतं. पुरात त्याचा वाटा किती, यावर इथं आजही आवाज चढतात. गाळावर मात्र एकमत. पात्र उथळ झालं, तर पाणी जाणार कुठं? डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण धरलं, आणि मग पोकलेन नदीत उतरले. माझ्या मते, एवढ्या साध्या कामासाठी बुडालेल्या माणसांना उपाशी बसावं लागायला नको होतं.

परतताना पुन्हा बाजारपेठ. एका दुकानात नवा रंग दिलाय, पण रेघेची पट्टी तशीच सोडली आहे. जुलैचे दिवस. बाहेर पाऊस. खालच्या दोन फळ्या रिकाम्या, साखरेची पोती वर, माळ्यावर. दुकानदार गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतो आणि मध्येच दारात येऊन नदीच्या बाजूला बघतो.