वाफसा येईपर्यंत

(दृश्य: शेडच्या पत्र्यावर पाऊस. उघड्या दारातून दिसणारी ओली, काळपट जमीन.)

मार्चचा पहिला शनिवार. सकाळचे नऊ वाजलेत, पण उत्तर-पश्चिम लंडनच्या या कोपऱ्यात अजून नीट उजाडलेलं नाही. पाऊस म्हणावा तर छत्रीवर आवाज येत नाही, आणि नाही म्हणावं तर दहा मिनिटांत कोट जड होतो.

समोर दिसतोय तो माझा तुकडा. इथे याला अलॉटमेंट म्हणतात. कौन्सिलकडून वर्षाच्या भाड्यानं मिळणारी, घरापुरता भाजीपाला पिकवायची जमीन. लोकांनी मागणी केली तर ती पुरवणं हे स्थानिक संस्थांचं काम आहे, असं १९०८ च्या कायद्यात लिहिलंय. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची जहाजं बुडायला लागली तेव्हा देशभर अशा तुकड्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली होती. आता ती त्याच्या पाव हिश्शाहून कमी उरलीय, आणि शहरांत तुकडा मिळवायचा तर प्रतीक्षायादीत काही वर्षं काढावी लागतात.

माझ्या भाडेकरारावर जमिनीचं माप दिलंय दहा रॉड. मीटर नाही, फूट नाही, रॉड. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग कागद-पेन घेऊन बसलो. एकराचा १६० वा भाग म्हणजे एक चौरस रॉड, आणि एकराचा ४० वा भाग म्हणजे आपला गुंठा. दहा रॉड म्हणजे बरोबर अडीच गुंठे! त्या दिवसापासून मी घरी फोनवर "माझी अडीच गुंठे जमीन" असंच म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरानं लंडनमध्ये प्लॉट घेतला.

(दृश्य: बुटाला चिकटलेला मातीचा जाड थर. काटकीनं तो खरवडणारा हात.)

हा बूट बघा. शेडपासून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो, एवढंच. ही लंडन क्ले. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीसारखीच तिची सवय. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या शहरात तिच्यामुळे घरांच्या भिंतींना तडे जातात.

आता एक गंमत. लंडनला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे ६०० मिलिमीटर. पुण्याला ७०० च्या वर पडतो. मग ओलं लंडन का? कारण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे तो बाराही महिने थोडा थोडा येतो, आणि हिवाळ्यात ऊन इतकं दुबळं की पडलेलं पाणी उडूनच जात नाही. झाडं झोपलेली, त्यामुळे मुळंही पाणी ओढत नाहीत. नोव्हेंबरात भिजलेली माती मार्चपर्यंत तशीच राहते. त्यात एखादं वर्ष वाईट निघालं तर विचारू नका. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे १८ महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सगळ्यात ओले ठरले. जवळजवळ १,७०० मिलिमीटर.

नेमका तेव्हाच मी हा तुकडा घेतला होता.

हातात नवी कोरी जमीन, दुकानांत बियाण्यांची पाकिटं मांडलेली, खिडकीखाली डॅफोडिल्स फुललेले. कोण थांबणार? मार्चच्या एका शनिवारी दिवसभर खणलं. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा कुंपणाशी येऊन थोडा वेळ बघत राहिले, "जोरात चाललंय" एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. इंग्रज माणूस याहून मोठ्यानं ओरडत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जूनमध्ये त्याच जागी विटा होत्या. अक्षरशः. गाजरं खाली जाता येईना म्हणून दोन तंगड्या फाकवून आडवी वाढली.

रात्री मावळातल्या मामांना व्हिडिओ कॉल करून ती जमीन दाखवली. मामांनी जन्मभर भात लावलाय. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अरे, वाफसा आला होता का?"

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे, पण तेवढीच हवाही आहे, अशी वेळ. पावसानं उघडीप दिली, वरचं पाणी निथळलं, ढेकूळ हातात घेतलं की सुटतं, ती घटका. पण मी तो मृगाशी, जूनशी, बैलांशी जोडून ठेवला होता. लंडनला येताना सोबत आणायचं सुचलंच नाही.

"पण मामा, तुम्ही तर भर पावसात गुडघाभर चिखलात नांगर घालता."

"ती चिखलणी. भाताला पाणी धरून ठेवायचंय, म्हणून आम्ही माती मुद्दाम मारतो. तुला गाजरं काढायचीत ना? मग?"

मामांच्या त्या "मग" मध्ये मातीचं सगळं शास्त्र आलं. चांगल्या मातीचे कण बारीक बारीक गोळ्यांनी एकत्र राहतात, आणि त्या गोळ्यांमधल्या फटींतून हवा आणि पाणी फिरतं. ओल्या चिकण मातीवर पाय दिला की पाणी वंगणासारखं काम करतं, कण एकमेकांवरून घसरतात आणि फटी बुजतात. भाताच्या खाचरात हेच हवं असतं, खाली घट्ट थर बसतो आणि पाणी मुरत नाही. भाजीच्या वाफ्यात तोच थर म्हणजे मुळांचा गळा.

तर ओल्या वसंतातलं पहिलं काम म्हणजे वाफ्यात पाय न ठेवणं. आणि विश्वास ठेवा, सगळ्यात अवघड काम तेच आहे.

(दृश्य: वाफ्यांच्या मधून टाकलेल्या लांब फळ्या. त्यावरून तोल सांभाळत चालणारे पाय.)

लीक काढायला मात्र जावंच लागतं. कांद्याच्या पातीचा हा दणकट भाऊ हिवाळाभर जमिनीत उभा असतो, पण आता दिवस मोठा झाला की तो फुलावर जाईल आणि मधे लाकडासारखा दांडा धरेल. म्हणून या फळ्या. वजन एका टाचेवर येण्याऐवजी फळीभर पसरतं. बांधकामावरच्या जुन्या फळ्या आहेत, आजोबांनी दिलेल्या. त्या जूननंतर.

तण दिसतंय? दिसू दे. ओल्यात खुरपलेलं तण मरत नाही. उलट, पडल्या जागी मुळं धरतं. मोकळ्या वाफ्यांवर मी काळं प्लास्टिक अंथरलंय, कडेला विटा ठेवून. खाली पाऊस लागत नाही, तण उजेडाविना पिवळं पडतं, आणि उघड्या वाफ्यापेक्षा माती थोडी आधी वाफशाला येते. ते उचलायचं मात्र जपून, कारण खाली गोगलगायींचं संमेलन भरलेलं असतं.

गोगलगायी म्हटल्यावर मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांना २०२२ चा खरीप आठवेल. इथल्या त्रास देणाऱ्या बहुतेक शंखाविना, करड्या, बोटाच्या पेराएवढ्या. एका ओल्या रात्रीत कोवळ्या रोपांची रांग साफ करतात. पूर्वी लोक मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या टाकत. त्या खाऊन मेलेल्या गोगलगायी पक्षी आणि साळिंदराचा इथला चुलत-चुलत भाऊ शोभेल असा हेजहॉग खाणार, म्हणून ३१ मार्च २०२२ नंतर इथे उघड्यावर त्यांचा वापर बंद झाला. आता पाण्यात कालवून सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी सूक्ष्म जंत, सोडतात. आपल्याकडे डाळिंबवाले ज्यांच्या नावानं बोटं मोडतात त्यांचीच ही दुसरी जात. ही गोगलगायीत शिरते आणि तिला मारते. पण माती पाच अंशांच्या वर गेल्याशिवाय तिला काम सुचत नाही. तोवर मी टॉर्च आणि बरणी घेऊन रात्री फिरतो. शेजारी काय म्हणत असतील, देव जाणे.

(दृश्य: शेडच्या आत. खिळ्यांना टांगलेली अवजारं, तेलाची बाटली, चिंधी.)

पाऊस वाढला की आत यायचं. ही शेड सहा बाय आठ फुटांची, आणि मार्चमधली निम्मी शेती इथेच होते. फावड्याचा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा, धार लावायची, दांड्याला तेल चोळायचं. तेल कसलं? जवसाचं. लाकडात ते मुरतं आणि हळूहळू वाळून घट्ट बसतं. आजीच्या जवसाच्या चटणीचा आणि या बाटलीचा वास एकाच घराण्यातला आहे. दर वेळी चिंधी लावली की भूक लागते.

मागच्या वर्षीच्या कुंड्या धुवायच्या. पाण्याची पिंपं रिकामी करून तळाचा गाळ काढायचा. नेमक्या पावसात हे कोण करतो, असं वाटेल. पण पिंप परत भरायला दोन दिवस पुरतात, आणि जुलैत इथेही पाणी लागतं.

आणि हे बटाटे.

(दृश्य: अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभे मांडलेले बटाटे. जाड, आखूड, जांभळट कोंब.)

अंड्यांचे ट्रे मी वर्षभर साठवतो, ते यांच्यासाठी. बियाण्याचा बटाटा फेब्रुवारीपासून थंड आणि उजेडाच्या जागी असा उभा ठेवायचा. ज्या टोकाला जास्त डोळे ते वर. अंधारात कोंब पांढरे, लांब, ठिसूळ येतात. उजेडात असे आखूड आणि टणक. लवकरच्या जातींना यानं दोन-तीन आठवड्यांची आघाडी मिळते. घरात जेवणाच्या टेबलाखेरीज उजेडाची जागा नाही, त्यामुळे महिनाभर आम्ही तीस बटाट्यांच्या शेजारी बसून जेवलो. पाहुणे आले तेव्हा बायकोनं त्यांच्यावर ओढणी टाकली.

खिडकीत टोमॅटो, मिरची, वांगी. त्यांच्या माना काचेकडे वळतात, म्हणून रोज ट्रे फिरवायचा. थंडीचा कडाका इथे एप्रिलअखेरपर्यंत, कधी मे उजाडेपर्यंत येऊ शकतो, तोवर ही मंडळी घरातच. ब्रॉड बीन या शेंगभाजीचं बी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत लावलंय. नळीसकट जमिनीत जाते, पुठ्ठा कुजतो, मुळांना धक्का लागत नाही. मेथी तर ट्रेमध्येच उगवते. तिला लंडन, मावळ सगळं सारखं.

बटाटे कधी लावायचे याचा इथला जुना मुहूर्त म्हणजे गुड फ्रायडे. आजोबांचे वडील त्याच दिवशी लावायचे, सुट्टी असायची म्हणून. पण हा शुक्रवार चंद्रावर ठरतो. २० मार्चलाही येऊ शकतो आणि २३ एप्रिललाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे मृग लागतो ७ जूनच्या आसपास. म्हणून ७ जूनला कुणी पेरतं का?"

(दृश्य: वाऱ्यावर फडफडणारं प्लास्टिक. मोकळं आकाश.)

मार्चचा शेवटचा आठवडा. तीन दिवस पूर्वेचं कोरडं वारं सुटलंय. प्लास्टिक बाजूला केलंय. मातीचा रंग वरवर फिका पडलाय. मूठभर घेऊन दाबायची. पहिल्या दोन्ही शनिवारी गुळगुळीत लाडू वळला होता, बोटांचे ठसे उमटतील असा. आज वळला, पण अंगठ्यानं टोचलं तर फुटला.

मातीत थर्मामीटर खुपसलाय. आठ अंश. सात पुरतात.

फळीवर गुडघा टेकायचा, साधारण वीतभर खोल खड्डा, कोंब वर, माती लोटायची. हातभर पुढे दुसरा. पानं वर आली की भर लावायची. रॉबिन पक्षी फावड्याच्या दांड्यावर येऊन बसलाय, गांडुळाची वाट बघत. आजोबा कुंपणाशी आलेत. या खेपेला काही बोलले नाहीत, दोन कप घेऊन आले.

अकरावा बटाटा जमिनीत गेला आणि मानेवर पहिला थेंब पडला.

उरलेले एकोणीस ट्रेमध्ये परत ठेवलेत. प्लास्टिक ओढून घेतलंय. चहा अजून गरम आहे.