हाताने उचलता येईल एवढा गठ्ठा

समोर शेतात पसरलेले हे गवत आज सकाळीच कापलेले आहे आणि त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अजून पाणीच आहे. गठ्ठा बांधण्यापूर्वी हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास यावे लागते. ओंब्या बाहेर पडू लागताच, जमिनीलगत चार बोटे बुंधा राखून कापलेले गवत उत्तम चारा देते. बी पिकेपर्यंत थांबल्यास वजन वाढते, पण काड्या राठ होतात.

दव उडाल्यावर गवत उलटून पसरले जाते आणि वाळल्यावर त्याचे लांब वरंबे ओढले जातात. दाताळे येथे किती हलक्या हाताने फिरते ते पाहण्यासारखे आहे. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्याची पाने देठांच्या आधी वाळून झडतात आणि त्यातील बहुतेक प्रथिने पानांतच असतात, म्हणून असा चारा किंचित दमट असतानाच ओळीत घेतला जातो. चारा वाळला की नाही हे पाहण्याची रीतही साधी आहे: बंद बरणीत थोडे गवत आणि कोरडे मीठ घालून हलवावे, मिठाचे खडे बनले, तर गवताला आणखी ऊन हवे.

आता ही लाकडी पेटी. लांबी साधारण तीन फूट, रुंदी दीड फूट. तिच्या खाचांतून आधी दोन सुतळ्या सोडल्या जातात, मग गवत थरांनी भरून, कोपरे पायाने दाबून, वरून लाकडी तरफेचा भार दिला जातो. भार कायम असतानाच गाठ मारायची असते, कारण दाब सुटताच गवत फुगते आणि सुतळी आपोआप ताठ होते. या कामाला इंजिनही लागत नाही आणि डिझेलही लागत नाही.

शेजारच्या तुकड्यात ट्रॅक्टरमागे चालणारा बेलर हेच काम करतो. त्याचे दाते वरंबा उचलतात, दट्ट्या प्रत्येक ठोक्याला एक थर ठासतो, दातेरी चाक गठ्ठ्याची लांबी मोजते आणि ती भरताच वाकड्या सुया सुतळी वर आणून गाठयंत्राकडे देतात. हे गाठयंत्र मूळचे धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रातले. अमेरिकेतील जॉन ॲपल्बी यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रचारात आणले. सुतळी अडकली, तर इंजिन बंद केल्याशिवाय तेथे हात घालू नये.

बाहेर पडलेला गठ्ठा वीस-पंचवीस किलोंचा भरतो. मोठा गोल गठ्ठा काहीशे किलोंचा असतो आणि ट्रॅक्टरशिवाय जागचा हलत नाही. तरीही लहान गठ्ठ्यालाच जुनाट म्हटले जाते, हे नवल आहे. ज्याच्याकडे चार जनावरे आणि दोन हात आहेत, त्याला हाच परवडतो.

गठ्ठे लाकडी फळ्यांवर, सुतळीची बाजू जमिनीला न लावता रचले जातात. ओलसर गठ्ठे आतून तापतात आणि त्यातून गंजी पेटूही शकते.

गोठ्यात सुतळी कापली की गठ्ठा थराथराने सुटतो आणि कोणत्या जनावराला किती चारा दिला, हे थर मोजून कळते. कापलेली सुतळी मात्र तेथेच खुंटीला अडकवली जाते, कारण चाऱ्याबरोबर ती जनावराच्या पोटात जाऊ शकते.