सायकलस्वाराचे कपडे: धुणे, वाळवणे आणि टिकवणे

मित्रहो,

सायकलच्या साखळीला कोणते तेल घालावे आणि टायरमध्ये हवा किती असावी, यावर आपल्यातली माणसे तासन्‌तास वाद घालू शकतात. परंतु ज्या कपड्यांत ती सायकल चालवतात, ते घरी आल्यावर धुण्याच्या ढिगात पडले की त्यांचा विचार तिथेच संपतो. आजचे व्याख्यान त्या ढिगाविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण हे कपडे वास घालवण्यासाठी धुतो आणि तिथेच चुकतो. घालवायचे असते ते तेल. वास हा बव्हंशी त्या तेलाच्या मागोमाग येतो. एवढे एकदा पटले, की पाणी कोणते, साबण कोणता, ऊन की सावली, या प्रश्नांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

प्रथम कापड पाहू. जर्सी बहुधा पॉलिएस्टरची असते आणि बिब शॉर्ट्समध्ये, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेल्या तंग शॉर्ट्समध्ये, नायलॉन किंवा पॉलिएस्टरबरोबर इलास्टेन विणलेले असते. लायक्रा या नावाने सर्वांना ठाऊक असलेला हा ताणला जाणारा धागा जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली ड्यूपाँट कंपनीत विकसित केला. त्याच्या रेणूंच्या साखळीत काही भाग मऊ आणि वेटोळे घेतलेले असतात, तर काही भाग कडक असतात. ओढले की मऊ भाग उलगडतात, सोडले की पुन्हा आखडतात, आणि कडक भाग शेजारशेजारच्या साखळ्यांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून कापड मूळ आकारात परत येते. अति उष्णता आणि क्लोरिनयुक्त ब्लीच यांमुळे ही रचना खिळखिळी होत जाते. एकदा ती मोडली की कोणत्याही उपायाने सांधत नाही. मांडीवर चपखल बसणारी शॉर्ट्स अकाली ढगळ झाली, तर सायकलस्वाराच्या मांड्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी गरम पाणी, ड्रायर आणि ब्लीच यांची चौकशी करावी.

पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी आहे. हा धागा पाण्याला जवळजवळ थारा देत नाही. सर्वसाधारण हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प सामावून घेतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. मग जर्सी घाम टिपते ती कशी? घाम धाग्याच्या आत शिरत नाही. तो धाग्यांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पसरत कापडाच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथे उडून जातो. म्हणजे जर्सीचे सारे काम धाग्याच्या पृष्ठभागावर चालते. त्या पृष्ठभागावर एखादा थर बसला, मग तो मळाचा असो, साबणाचा असो वा सुगंधाचा, की जर्सी महाग असूनही अंगाला चिकटणारे साधे कापड होऊन बसते. आता यातली अडचण अशी, की पाण्याला दूर ठेवणारा हाच धागा तेलाला मात्र जवळ करतो. त्वचेतून स्रवणारे स्निग्ध पदार्थ, सनस्क्रीन, मालिशचे तेल, हे सगळे पॉलिएस्टरला चिवटपणे धरून बसतात.

वासाचा उगमही इथेच आहे. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. त्यातल्या आणि त्वचेवरच्या द्रव्यांवर जिवाणू पोसले जातात आणि ते जे बनवतात त्याचा वास येतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या विषयाला अगदी लागू पडणारा आहे. त्यांनी २६ जणांना तासभर जोरकस स्पिनिंग, म्हणजे जागच्या जागी सायकलिंग, करायला लावले, त्यांचे टी-शर्ट २८ तास तसेच ठेवले आणि मग तपासले. सुती शर्टांपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास अधिक उग्र आणि अप्रिय ठरला, आणि मायक्रोकॉकस या जातीच्या जिवाणूंची वाढ पॉलिएस्टरवर विशेष झालेली आढळली. मला त्या प्रयोगातला २८ तासांचा काळ महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातले कित्येक जण हा प्रयोग दर आठवड्याला नकळत करतात: रविवारी सकाळी जर्सी पिशवीत कोंबायची आणि सोमवारी दुपारी बाहेर काढायची.

म्हणून माझ्या मते धुण्याचा सर्वांत मोलाचा भाग धुण्याच्या आधीच असतो. घरी आल्याबरोबर पूर्ण धुणे कोणालाही सुचत नाही, आणि ते आवश्यकही नाही. पण अंघोळ करताना जर्सी आणि शॉर्ट्स त्याच नळाखाली धरून साध्या पाण्याने खळबळून काढल्या आणि दोरीवर निथळायला टाकल्या, तर मीठ आणि बराचसा घाम तिथेच निघून जातो. काळ्या शॉर्ट्सवर पांढऱ्या रेषा उमटतात ते मीठच आहे. तेल अशा नुसत्या पाण्याने जात नाही, हे खरे. परंतु कोरड्या आणि हवेशीर कापडावर जिवाणूंना हातपाय पसरता येत नाहीत आणि साबणाची वेळ दोन दिवसांवर गेली तरी फारसे बिघडत नाही. ओल्या कपड्यांचा बोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे, हे मात्र कुबट वासाला आमंत्रण आहे.

शॉर्ट्सच्या बाबतीत एक नियम मी सक्त मानतो: न धुतलेली शॉर्ट्स दुसऱ्यांदा घालायची नाही. जर्सी एखाद्या थंडीच्या दिवशी दुसऱ्या फेरीला चालून जाईल, शॉर्ट्स नाही. बैठकीच्या जागी ऊब, ओल, घर्षण आणि जिवाणू हे चौघे एकत्र आले की केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात आणि कधी त्यांचे गळू होते. असे दुखणे काय करू शकते हे पाहायचे असेल, तर १९८७ सालच्या स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीकडे पाहावे. आयर्लंडचा शॉन केली आघाडीवर होता, शर्यत संपायला मोजके दिवस उरले होते, आणि खोगिरावरच्या घर्षणाने झालेल्या अशाच दुखण्यामुळे त्याला शर्यत सोडावी लागली. त्याच्या शॉर्ट्स मळकट होत्या असे मी मुळीच सुचवत नाही. रोज कित्येक तास खोगिरावर बसणाऱ्याला ते सर्व काळजी घेऊनही होऊ शकते. आपण निदान त्यात आपल्या हाताने भर घालू नये.

या शॉर्ट्समधले पॅड, म्हणजे बसायच्या जागची गादी, कशी धुवावी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या हातून तेवढेच राहून जाते. एके काळी इथे मऊ कातड्याचा तुकडा शिवलेला असे, तो धुतल्यावर वाळून कडक होई आणि मलम चोळून पुन्हा मऊ करावा लागे. आताचे पॅड फोमचे, वर कापड चिकटवलेले असते. फोम पाणी धरून ठेवतो आणि त्याबरोबर घाम, मलम आणि साबणही. शॉर्ट्स उलटी करावी, पॅड कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण घालून पाच-दहा मिनिटे भिजू द्यावे आणि मग तळहाताने दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. पहिल्या काही दाबांत पाणी दुधट निघते. मलम वापरणाऱ्यांच्या पॅडमधून तर त्यावर मेणचट तवंग येतो. नळाखाली धरून दाबत राहावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि फेस थांबेपर्यंत. पॅड पिळू नये, कारण पिळले की फोम दुमडतो आणि चिकटवलेले थर सुटतात. घडी घातलेल्या कोरड्या टॉवेलमध्ये ठेवून वरून भार द्यावा. उरलेले पाणी टॉवेल ओढून घेतो. वाळवताना पॅड बाहेरच्या बाजूला राहील असे टांगावे. वरचे कापड तासाभरात वाळते, फोम मात्र आत बराच वेळ ओलसर राहतो. बोटांनी चिमटीत धरून पाहावे, आतून गारवा लागला तर ते अजून वाळलेले नाही.

मघाशी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘हाताने धुवावे की मशीनमध्ये?’ मशीनमध्ये खुशाल धुवावे. घाईघाईने घासून पिळण्यापेक्षा मशीनचे सौम्य चक्र कापडाला अधिक दयाळू असते. पथ्ये थोडीच आहेत. कपडे उलटे करावेत, कारण मळ आतल्या बाजूला असतो आणि छपाई बाहेरच्या. जर्सीची चेन वरपर्यंत ओढून घ्यावी. हातमोज्यांचे वेल्क्रो बंद करावे, नाहीतर त्याचे आकडे शेजारच्या जर्सीचे धागे ओढून काढतात. शॉर्ट्स जाळीच्या पिशवीत घालाव्या, म्हणजे खांद्याचे पट्टे इतर कपड्यांत गुरफटत नाहीत. जीन्स आणि टॉवेल यांच्याबरोबर हे कपडे टाकू नयेत. पाणी थंड किंवा ३० अंशांपर्यंत असावे. एवढ्या पाण्यात जिवाणू मरत नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे. पण आपल्याला त्यांना मारण्यापेक्षा त्यांचे खाद्य, म्हणजे तेल, धुऊन काढायचे आहे आणि कापड लवकर कोरडे करायचे आहे. कपड्यावरच्या पट्टीवर काही वेगळे लिहिले असेल तर पट्टीचे ऐकावे. टबाच्या चित्राखाली एक आडवी रेघ म्हणजे सौम्य धुणे, दोन रेघा म्हणजे अतिसौम्य.

साबण द्रवरूप असलेला बरा. पावडर थंड पाण्यात पुरती विरघळली नाही तर तिचे कण फोममध्ये अडकतात, आणि काही पावडरींत ब्लीचही असते. प्रमाण कमी ठेवावे. वास येतो म्हणून साबण दुप्पट घालणारी माणसे बरीच आहेत. तो साबण नीट निघून गेला नाही की त्याचाच थर बसतो आणि त्या थरावर नवा मळ चिकटतो.

फॅब्रिक कंडिशनरला मात्र मी या कपड्यांच्या जवळही फिरकू देणार नाही. तो कापड स्वच्छ करत नाही, तर धाग्यांवर धन विद्युतभाराच्या स्निग्ध रेणूंचा पातळ लेप चढवतो; स्पर्शाला जो मऊपणा जाणवतो तो त्या लेपाचा. ज्या पृष्ठभागावरून घाम सरकायला हवा, नेमका तोच यामुळे झाकला जातो. आपण तेल काढायला निघालो होतो, आणि शेवटच्या पाण्यात ते सुगंधासकट परत घातले, असा हा प्रकार आहे. ज्यांच्या कपड्यांवर असे थर साचले आहेत, त्यांनी ते पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावेत आणि मग नेहमीसारखे धुवावेत. फरक पडतो, पण ही सवय करू नये. व्हिनेगर आणि क्लोरिनचे ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

डागांपैकी दोनच सांगतो. साखळीचे काळे तेल लागले तर कापड ओले करण्यापूर्वी त्यावर भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकावेत, बोटाने हलके चोळावेत, दहा मिनिटांनी धुवावे. ब्रशने खसाखसा घासले तर डाग पसरतो आणि कापडावर लव उठते. दुसरा डाग फसवा असतो: पांढऱ्या जर्सीच्या कॉलरवर येणारा गंजासारखा पिवळा-नारिंगी रंग. तो पुष्कळदा सनस्क्रीनमधल्या अॅव्होबेन्झोन या घटकाची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडल्यामुळे उमटतो. क्लोरिनच्या ब्लीचने तो निघत तर नाहीच, उलट अधिक गडद होतो.

वाळवण्याविषयी मतभेद आहेत. उन्हाने जंतू मरतात, या समजात तथ्य आहे. पण तेच अतिनील किरण इलास्टेनला ठिसूळ करतात आणि रंगही उडवतात. वारा असलेली सावली उत्तम. पॅडला थोडा वेळ कोवळे ऊन दाखवायला हरकत नाही. ड्रायर, इस्त्री आणि हीटर हे तिन्ही या कपड्यांना वर्ज्य आहेत.

लोकरीचे कपडे वापरणारे आजही आहेत, आणि त्यांची परंपरा मोठी आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस टूर द फ्रान्स शर्यतीत फ्रेंच सायकलपटू लुईझों बोबे याने कृत्रिम धागा मिसळलेली, आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी घालायला साफ नकार दिला होता. घाम गाळणाऱ्या माणसाने शुद्ध लोकरच ल्यावी, असे त्याचे मत होते. वासाच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा नव्हता. पण लोकर हे प्रथिन आहे, आणि प्रथिनांचे डाग काढण्यासाठी बहुतेक डिटर्जंटांत घातलेली विकरे (एन्झाइम) लोकरीलाही कुरतडतात. म्हणून तिच्यासाठी लोकरीचाच साबण घ्यावा, पाणी थंड ठेवावे, घुसळू नये, आणि टांगण्याऐवजी आडवी पसरून वाळवावी. नाहीतर ओल्या वजनाने ती लांब होते.

पावसाळी जाकिटाला वरचे बरेचसे नियम लागू आहेत, एक सोडून. त्याच्या बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळून जावे असा लेप असतो. मळाने तो झाकला गेला की कापड ओले राहते, आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि माणसाला वाटते जाकीट गळू लागले; भिजवतो तो त्याचा स्वतःचाच घाम. धुतल्याने लेप जाईल या भीतीने अनेक जण असे जाकीट वर्षानुवर्षे धूतच नाहीत. प्रत्यक्षात ते धुवायलाच हवे, दोनदा विसळून साबण पूर्ण काढायला हवा, आणि पट्टीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवावे, कारण त्या उष्णतेने उरलेला लेप पुन्हा कामाला लागतो. त्यानंतरही पाण्याचे थेंब न बनता ते कापडात जिरत असेल, तर लेप नव्याने द्यायची वेळ झाली.

हातमोजे आणि हेल्मेटमधल्या गाद्या हाताने, शाम्पूने धुतल्या तरी चालतात. बुटांत जुने वर्तमानपत्र कोंबावे आणि ते ओले झाले की बदलावे.

इतके करूनही कपडे संपतातच. शॉर्ट्स केव्हा संपली हे घालणाऱ्याला शेवटी कळते, मागून येणाऱ्यांना आधी. बसायच्या जागेचे कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरावे: बोटांची आकृती दिसू लागली, किंवा शिवणीजवळ तुटलेल्या इलास्टेनची पांढरी केसासारखी टोके बाहेर आली, तर ती शॉर्ट्स रस्त्यावर नेऊ नये. पॅडची परीक्षा निराळी असते. अंगठ्याने दाबून सोडल्यावर खळगा भरून यायला वेळ लागत असेल, तर वरचे कापड कितीही धडधाकट दिसो, फोम बसला आहे. अशी शॉर्ट्स छोट्या फेरीसाठी वेगळी काढावी आणि लांबच्या प्रवासाला नवी घ्यावी.