फॉर्म बी मिळाला, पण पंप चालतो का?

सोसायट्यांचे इतके सेक्रेटरी-चेअरमन एकत्र बसलेत म्हणून पहिलं हेच विचारतो, तुमचा फायर पंप ऑटोवर आहे, म्हणजे लाइनचं प्रेशर पडलं की आपोआप चालू होणारा, का मॅन्युअलवर? बघा, दोनचारच हात वर आले. बाकीच्यांकडे बहुतेक मॅन्युअलवरच असणार, कारण लाइनला कुठेतरी लीकेज असतं, प्रेशर पडलं की जॉकी पंप, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, रात्रीचा आवाज, वर लाइट बिल, मग पहिल्या मजल्यावरचे काका ओरडतात आणि वॉचमन स्विच फिरवून मोकळा होतो. लीकेज जिथल्या तिथे.

आमच्या फायर सिस्टीमच्या धंद्याचं कसं चाललंय म्हणाल तर काम भरपूर आहे हो, मुंबईत टॉवर उभे राहायचे थांबलेत कुठे. कायदाही आहे, महाराष्ट्राचा 2006 चा, लागू झाला 2008 मध्ये, त्याप्रमाणे सिस्टीम चालू ठेवायची जबाबदारी मालकाची नाहीतर राहणाऱ्यांची, म्हणजे तुमची, आणि दर जानेवारी-जुलैला लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे सिस्टीम चालू असल्याचं सर्टिफिकेट, घेऊन फायर ब्रिगेडला द्यायचा. कागदावर एकदम छान. पण गोची अशी की ज्याला तपासायचं तोच आमचं बिल देतो. सोसायटी तीन कोटेशनं मागवते, सगळ्यात कमीवाल्याला काम देते, आणि तेवढ्या पैशात तो माणूस आग विझवायच्या सिलिंडरवर नव्या तारखेचं स्टिकर लावण्यापलीकडे काय करणार सांगा ना? जो खरं लिहितो, की पंप बंद आहे, होज बॉक्समधलं नोझल चोरीला गेलंय, त्याला पुढच्या जुलैला फोनच येत नाही. चोर एजन्सी आहेतच, मी त्यांची बाजू घेत नाहीये, पण त्यांना गिऱ्हाईक कोण, तर आपणच.

2018 च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, 4 जण गेले. बिल्डिंगची स्वतःची सिस्टीम चालतच नव्हती, फायर ब्रिगेडने तेव्हाच सांगितलं होतं. लोकांना वाटतं गाडी येईल ना. येईल की, 90 मीटरपर्यंत जाणारी शिडीपण आहे मुंबईत, पण ती तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या डबल पार्किंगमधून वळणार कशी?

आता इलेक्ट्रिक डक्ट, म्हणजे वायरी खालून वर नेणारी उभी पोकळ जागा. हे नीट ऐका कारण याच्यावर कोणीच पैसे खर्च करत नाही. आपल्याकडच्या आगी बऱ्याचदा वायरिंगमधूनच लागतात, आणि डक्ट प्रत्येक मजल्यावर सील केलेला नसेल तर ते सरळ धुराडं, खालच्या मीटर रूममधला धूर बघता बघता वरच्या मजल्यांवर. माणसं भाजून मरतात त्यापेक्षा धुराने जास्त मरतात. आणि आपण त्याच डक्टमध्ये काय ठेवतो, रद्दी, चपला, झाडू, गणपतीचं मखर! इंटरनेटवाला येतो, सील फोडून केबल टाकतो, निघून जातो, त्याला परत बुजवायला कोणी सांगत नाही.

पुढचं कोटेशन मागवाल तेव्हा एवढंच लिहा की कमिटीसमोर गच्चीवरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून दाखवायचा, पंप ऑटोवर ठेवून, आणि गेजवर साडेतीन किलो प्रेशर आलं तरच सही. निम्मे कॉन्ट्रॅक्टर तिथेच गळतील. जे येतील ते जास्त पैसे मागतील, द्या. आणि डिझेल पंप असेल तर त्याच दिवशी मेन सप्लाय बंद करून तोही स्टार्ट करायला लावा, नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझा अंदाज हां, बॅटरीच उतरलेली असते.