फेस टिकला का?

ही काचेची नळी नीट पाहा. आत थोडं गर्भजल आहे आणि अल्कोहोल. नळी १५ सेकंद जोरात हलवायची आणि १५ मिनिटं उभी ठेवायची. काठाला बुडबुड्यांचं अख्खं कडं टिकलं, तर पोटातल्या बाळाची फुफ्फुसं तयार आहेत. फेस विरला, तर खात्री देता येत नाही.

फुफ्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. पाण्याचा ताण त्यांना मिटवू पाहतो, आणि सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तो ताण उतरवतो. गर्भाच्या फुफ्फुसातला द्रव तोंडावाटे गर्भजलात मिसळतो, म्हणून फुफ्फुसांची खबर तिथे मिळते. इतर पदार्थांचाही फेस होतो. अल्कोहोल तो मारतं. उरतो तो सरफॅक्टंटचा.

ही चाचणी १९७२ची, जॉन क्लेमेंट्स यांची. विषारी वायूंचा फुफ्फुसांवर काय परिणाम होतो, हे अमेरिकी लष्करासाठी तपासताना ते या पदार्थापर्यंत पोहोचले होते. आदल्याच वर्षी लुईस ग्लक यांनी मोजमाप दिलं होतं: गर्भजलात लेसिथिन, म्हणजे सरफॅक्टंटमधला मुख्य स्निग्ध पदार्थ, हे स्फिंगोमायलिन या दुसऱ्या स्निग्ध पदार्थाच्या दुप्पट झालं, की फुफ्फुसं पक्व. साधारण ३५व्या आठवड्याला हे घडतं.

त्याआधी हातात काहीच नव्हतं. ऑगस्ट १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो. जगातले उत्तम डॉक्टर भोवती असूनही अपक्व फुफ्फुसांमुळे तो ३९ तासच जगला.

आपल्याकडे ‘गर्भजल परीक्षा’ म्हटलं की वेगळंच आठवतं, आणि ती जखम खरी आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८मध्ये केला. पण त्याच सुईने काढलेलं पाणी बाळाला वाचवण्यासाठीही तपासलं जात होतं, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

आज ही नळी क्वचितच हलवली जाते. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्येच दाखवलं, की आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. अकाली कळा सुरू झाल्या, की आईला डेक्सामेथासोन देतात: ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी. औषधाला काम करायला वेळ लागतो. म्हणून प्रसूती कक्षात कळा थोपवून एक-दोन दिवस मिळवायची धडपड चालते.