शिकवणाऱ्यांचे बेळगाव

मित्रहो, बेळगावचे वाङ्मय आणि चित्रकला यांचा मोठा भाग शिकवण्याचा पेशा पत्करलेल्या माणसांनी उभा केला, असे माझे मत आहे आणि आज मी तेवढेच मांडणार आहे.

इंदिरा संत येथील ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या आणि पुढे प्राचार्यही झाल्या. पु. ल. देशपांडे यांनी राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले. के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकलेचे विद्यार्थी घडवले आणि त्यांच्या हाताखालून निघालेले रवी परांजपे बोधचित्रकार म्हणून देशभर पोचले. गावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय असल्यामुळे शिक्षकाने वर्गात उच्चारलेले पुस्तक संध्याकाळी विद्यार्थ्याच्या हाती पडण्याची सोय होती. मला ही सोय फार मोलाची वाटते.

या परंपरेला भाषेचे कुंपण मानवणारे नाही. १९२४ साली जवळच्याच सुळेभावी गावी कन्नडभाषक घरात जन्मलेले कुमार गंधर्व मराठी रसिकांना परके कधीच वाटले नाहीत. १९४६ च्या येथील साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्यामागची वेदना मी जाणतो आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या भाषिक हक्कांचा आग्रह मी सोडलेला नाही. तरीही ज्या गावात दोन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात, तेथे मराठीच्या प्राध्यापकाला कन्नड कविता वाचता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा या गावांत भरणारी साहित्य संमेलने ही तर या भूमीची खरी मिरास आहे. ग्रंथदिंडी निघते, मांडव पडतो, आणि शेतीत राबणारी माणसे परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन यांना बसून राहतात. व्यासपीठावरच्या पाहुण्याचे नाव वर्तमानपत्रात येते, पण पाहुण्याला पत्र धाडण्यापासून मुलांकडून कविता लिहवून घेण्यापर्यंतचे काम बहुधा गावच्या शाळेतले गुरुजी आणि बाई करतात, आणि त्यांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

१९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ येथे स्थापन झाले, व्यावसायिक शिक्षणाचा व्याप वाढला. परगावची मुले येतात, पदवी घेतात आणि या मांडवांची वार्ताही न लागता निघून जातात. दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी बोलावलेच नाही. म्हणून महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामात प्रत्येकाने एका गावच्या संमेलनाशी नाते जोडावे, कानडी आणि मराठी मुलांनी परस्परांच्या कवितांचे अनुवाद करून ते त्या मांडवात वाचावेत, आणि या कामाला वेळ देणाऱ्या अध्यापकाच्या तासिका संस्थेने कमी कराव्यात.