मेजर कोणता, मायनर कोणता आणि खोलीचं भाडं किती

[दृश्य: घाटंजीकडे जाणारा रस्ता. नांगरून ठेवलेली वावरं. एसटीची वाट पाहणाऱ्या मुली.]

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावांत सायन्सच्या मुलांना लोक दोनच गोष्टी विचारतात: नीट की इंजिनिअरिंग? आर्ट्सच्या मुलांचं तर परस्पर ठरलेलं असतं, पोलीस भरती.

पण इथं अशीही मुलं आहेत, ज्यांना विहिरीचं पाणी दरवर्षी खाली का जातं हे शोधायचं आहे, त्याचे आकडे मांडायचे आहेत आणि त्यावर मराठीत लिहायचंही आहे. "मले नकाशेबी काढाचे हायेत, अन् लिहाचंबी हाय," असं एखादी मुलगी म्हणते, तेव्हा तिला धड काही ठरवता येत नाही असं समजू नका. हा प्रश्नच असा आहे, की तो एका विषयात मावत नाही.

[दृश्य: कॉलेजची प्रवेश खिडकी, सूचनाफलक.]

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आलं. आता पदवीला मेजर म्हणजे मुख्य विषय असतो, जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा जादा विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो. म्हणजे बीएस्सी करणाऱ्या मुलीला अर्थशास्त्र किंवा साहित्य शिकण्याची वाट नियमानंच मोकळी झाली.

कागदावर. तालुक्याच्या कॉलेजात जागा रिकाम्या असतात, बरेच विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या प्राध्यापकांवर चालतात. मग मुलांना हवा तो नाही, उपलब्ध असेल तो विषय मिळतो. म्हणून फी भरण्याआधी विचारा: मायनरला कोणते विषय आहेत? ते प्रत्यक्ष कोण शिकवतं? गेल्या वर्षी किती मुलांनी घेतले? कॉलेजच्या नावापेक्षा ही उत्तरं जास्त मोलाची आहेत.

[दृश्य: अकोला, कृषी विद्यापीठाचं शेत.]

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. बीएस्सी कृषी म्हटलं की लोकांना फक्त शेती दिसते. पण तिथं मृदाशास्त्र आहे, कीटकशास्त्र आहे, संख्याशास्त्र, कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षणही (नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय) आहे. पाण्याचा प्रश्न पडलेल्या त्या मुलीला याहून जवळचं काय असेल? शिवाय हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना अशा अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) व्हायला हवा.

कास्तकार बाप मात्र पहिल्यांदा हेच विचारतो: "सर, फी किती लागते, थे सांगा." त्याला फीसोबत खोलीचं भाडं आणि मेसचा खर्चही सांगा, कारण घर मोडतं ते तिथं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हे कुणीतरी प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं.

[दृश्य: मोबाईलवर अर्ज भरणारी मुलं.]

विदर्भाबाहेरही दारं आहेत. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा २०२२ पासून होते आणि ती मराठीतूनही देता येते. २०२५ पासून तर बारावीला नसलेल्या विषयाचा पेपरही निवडता येतो, जास्तीत जास्त पाच विषय. दिल्ली विद्यापीठाच्या क्लस्टर इनोव्हेशन सेंटरमध्ये आयटी आणि गणित एकत्र शिकवतात. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचं शुल्क ऐकून घाबरू नका, तिथं घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती दिली जाते.

अडचण तारखांची आहे. या परीक्षांचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात, आणि गावात माहिती पोचते ती निकालानंतर. बुलढाण्याच्या खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी सुरू केलेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन नेमकं हेच काम करतं: घरात पहिल्यांदा पदवीला जाणाऱ्या मुलांना वेळेवर वाट दाखवायची. अशी माणसं प्रत्येक तालुक्याला हवीत, आणि बारावीला शिकवणारे शिक्षक ती होऊ शकतात.

दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. डोमिसाइलचा अर्ज सेतू केंद्रात तेव्हाच टाका, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांची मुदत प्रवेशापर्यंत राहील असा अर्ज कधी टाकायचा ते तिथंच विचारून घ्या. आवडीच्या तीन अभ्यासक्रमांची विषययादी डाउनलोड करा आणि भूगोलाच्या, मराठीच्या सरांसोबत बसून एकेक पेपर वाचून काढा.